एकट्याने खायच्या गोळ्या

आमच्या खोलीत दुर्बीण पोटात जाते आणि किस्से बाहेर येतात. वर्ध्यात एंडोस्कोपीची सिस्टर म्हणून अठरा वर्षं काढली, इतके साठलेत की काही विचारू नका. पण कारंज्याच्या ढाब्यावरचे आचारी दशरथभाऊ एकटे सगळ्यांना पुरून उरतात.

पहिल्यांदा आले तेव्हा उपाशी आहात ना, असं मी तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणाले. नळी घातली तर आत चहा! म्हणे, "च्या काय खानं असते का?" परत पाठवलं.

दुसऱ्या खेपेला जठरात मोठी जखम दिसली, रक्त झिरपत होतं. त्या रक्ताने महिनाभर शौचाला डांबरासारखं काळं होत होतं आणि हे गप्प. काऊन सांगितलं नाही, तर म्हणे, "मले वाटलं काळ्या मसाल्यानं होते."

मुळाशी एच. पायलोरी नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि एकही चुकवायची नाही म्हणून बजावलं.

सातव्या दिवशी गोळ्या संपल्या म्हणून स्वारी हजर. निम्म्या घरात वाटल्या होत्या! "घरीबी पोट दुखते. एकट्यानं कसं खावं?" जन्मभर दुसऱ्याला वाढून मग जेवलेला माणूस. मी भयंकर तापले. शेजारी त्यांची बायको शोभाताई उभ्या होत्या, त्यांनाही सुनावलं की यातली एक गोळी जरी दुसऱ्याच्या पोटात गेली तर नवरा हातचा जाईल.

तिसऱ्याच दिवशी ते रक्ताची उलटी करत आले. डॉक्टर जखमेला क्लिप लावत होते, बीपी खाली चाललं होतं. मी मनात दशरथभाऊंना शिव्या घालत सलाईन जोरात सोडत होते. शेवटी रक्त थांबलं.

पुन्हा नवा कोर्स. या वेळी ढाब्यावरचे ट्रक ड्रायव्हरसुद्धा जेवण सांगण्याआधी विचारायचे, "महाराज, गोळी घेतली का?" चौदा दिवसांची रिकामी पाकिटं शोभाताईंनी पिशवीत भरून मला आणून दाखवली.

महिन्याने तपासलं, जंतू गेला होता. दशरथभाऊ बाहेर पेढे वाटायला लागले. शोभाताई मात्र तपासणीच्या टेबलापाशीच थांबल्या.

"सिस्टर, आता मले झोपवा याच्यावर. काळं मलेबी होते."

कधीपासून, मी विचारलं.

"लय दिवस झाले. पयल्या गोळ्या यायनं मलेच देल्त्या. तुमी रागावल्या, मंग मी एकबी नाई घेतली."