रघूने थांबवलेलं चित्र

डिलाईल रोडच्या चाळीत रघूला आजही रघु प्रॉम्प्टर म्हणतात. मालवणकडच्या आंबेखोल गावातून तो मुंबईला आला, संपाच्या आधी थोडे दिवस गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला, आणि गिरणी बंद पडल्यावर दादरच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागला. ही झाली पोटाची कामं. त्याचं खरं काम विंगेतलं. गावच्या मंडळाचं नाटक असलं की रघु विंगेत बसायचा आणि वाक्य नटाच्या ओठांवरून निसटायच्या आत त्याच्या कानात टाकायचा. नट अडलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याला मानेवरून कळे. विसरलेल्याची मान ताठ होते आणि थांबलेल्याची सैल असते, असं तो सांगे.

शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा हात लावायला सगळे भ्याले. रघूने लावला. नटांना सांभाळलेल्या माणसाला यंत्राचं काय भय? यंत्रही नटासारखंच, अडतं आणि कबूल करत नाही. पडद्यावर काही दिसेना, तर तो आधी वायर बघे आणि मग माणूस. बचत गटाच्या बायकांच्या स्लाईडवर फोटोंच्या जागी लाल फुल्या उमटल्या, तेव्हा फोटो त्यांच्यातल्या एकीच्या भाच्याच्या पेनड्राईव्हवरच राहिलेत हे त्यानेच ओळखलं. शिवाजी पार्कच्या एका निवृत्त डॉक्टरांची मराठी अक्षरं दुसऱ्या लॅपटॉपवर चौकोन झाली, तेव्हा त्याने त्यांना घरून पीडीएफ मागवायला लावली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नसतात तर माझं व्याख्यान बुडालं असतं." रघु म्हणाला, "बुडालंच असतं." खोटं नम्र होणं त्याला जमलं नाही.

आता तो निवृत्त आहे. लालबागला आंबेखोल ग्रामस्थ मंडळाची जागा आहे, तिथला प्रोजेक्टर त्याच्या ताब्यात असतो.

एका रविवारी सकाळी तिथे सभा भरली. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवले होते आणि सतरंजी पार दारापर्यंत गेली होती. विषय मोठा होता. गावाच्या डोक्यावर सडा आहे, कातळाचं मैदान. तिथे एका माणसाला चिऱ्याची खाण काढायची होती. सडा सामाईक, सातबाऱ्यावर सगळ्या घरांची नावं, आणि त्या नावांतली बहुतेक माणसं मुंबईत. म्हणून खाण होणार की नाही हे गावात नाही, लालबागला ठरायचं होतं. अध्यक्ष दीपक खाणीच्या बाजूचा. खाणवाला देवळाच्या सभामंडपावर नवं छप्पर घालून देणार होता. संमतीचे कागद टेबलावर तयार होते.

विरोधात एकटी श्रेया. रघूच्या भावकीतली, आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणारी मुलगी. सड्यात मुरलेलं पाणी खाली विहिरींना येतं, सडा कापला की ते तुटेल, असं तिचं म्हणणं. ते मांडायला दीपकने तिला दहा मिनिटं दिली होती. त्यानंतर सह्या.

रघूने वायर जोडली, चित्र भिंतीवर नीट बसवलं. श्रेया उभी राहिली. पहिल्या स्लाईडवर तिने ड्रोनने काढलेला गावाचा फोटो होता. वर काळा सडा, खाली माडांच्या बागा.

ती तोंड उघडते तोच पुढच्या रांगेतून कौसल्याकाकी म्हणाली, "गो, ह्या लाल कौलांचा घर कोणाचा?"

"ते मेस्त्रींचं, काकी. तर या फोटोत आपण—"

"मेस्त्र्यांचा कसा? मेस्त्र्यांचा वहाळाच्या पलीकडे."

मागून कोणी म्हणालं फोटोतला ओढा म्हणजे वहाळ नव्हेच, आणि वहाळावरून वाद सुरू झाला. तेवढ्यात भिंतीवरचं चित्र आपोआप बदललं. कसलासा तक्ता आला. श्रेयाने बाण दाबून चित्र मागे आणलं. ती बोलायला लागली, कौसल्याकाकीने पुन्हा काही विचारलं, आणि चित्र पुन्हा पळालं. तक्ता आला, त्यामागून विहिरीचा फोटो आला, तोही गेला. सभेत हशा पिकला.

दीपक म्हणाला, "बघ, तुझ्या कॉम्प्युटरलाच घाई झालीय. उरकून टाकूया. सह्या करू, वडे थंड होतायत."

दोघे जण खरंच टेबलाकडे सरकले. रघूने श्रेयाकडे पाहिलं. तिची मान ताठ झाली होती.

तो जागेवरून उठला, तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "घरी सराव करताना टायमिंग रेकॉर्ड केलंस?"

"हो. दहाच मिनिटं होती ना, काका. म्हणून प्रत्येक स्लाईडला किती वेळ ते मोजून—"

"सराव कोणासमोर केलास?"

"एकटीनेच. खोलीचं दार लावून."

"मग बरोबर. गावकऱ्यांचा वेळ कोण धरणार त्यात? आंबेखोलचा माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतो काय कधी?"

श्रेयाला हसू फुटलं. मशीन बिघडलं नव्हतं, तिने शिकवलं तेच ते इमानाने करत होतं, मोजलेला वेळ संपला की चित्र पुढे ढकलत होतं. रघूने शो बंद केला, वरच्या पट्टीत स्लाईड शो उघडलं आणि 'यूज टायमिंग्ज'समोरची बरोबरची खूण काढून टाकली. पहिला फोटो पुन्हा भिंतीवर आणला.

"आता मी सांगितल्याशिवाय हा हलायचा नाही," तो म्हणाला. "तू बोल. कोणाला काय विचारायचं ते विचारू दे."

दीपक म्हणाला, "रघुदादा, दहा मिनिटं कधीच झाली."

"ती मशीनची झाली. माणसांची सुरू व्हायचीत."

कौसल्याकाकी तर वाटच बघत होती. गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि थेट भिंतीपाशी गेली. "हय मेस्त्र्यांचा घर. ह्यो वहाळ. आणि ह्यो आमचो माड." तिच्यामागून दोघे-तिघे उठले. प्रोजेक्टरसमोर कोणी आलं की एरवी रघु खेकसतो, "सावली पडते, बाजूला व्हा." आज तो बोलला नाही. माणसं भिंतीशी दाटली. आपापलं घर बोटाने शोधायला लागली, मग बाग, मग विहीर.

श्रेयाने पुढच्या स्लाईडसाठी खूण केली. रघूने मान हलवली. नाही. अजून नाही.

"काकी," श्रेयाने मग नुसतं विचारलं, "तुमच्या विहिरीला पाणी कुठल्या अंगाने येतं?"

"वरसून. सड्याकडच्या झऱ्यातून. पाडव्यापर्यंत वाहता असता."

"आणि खाण कुठे काढणार आहेत?"

म्हातारीचं बोट भिंतीवरून वर चढलं. झरा, त्याच्यावर कातळ, त्याच कातळावर ते थांबलं. मग दुसऱ्या एकाने आपल्या विहिरीवर बोट ठेवलं आणि तसंच वर नेलं. तेही तिथेच पोहोचलं.

"दीपक," कौसल्याकाकी वळून म्हणाली, "तुझी विहीर खय ती दाखव बघू."

"माहितेय मला माझी विहीर."

"मग दाखव ना. लाजतंस कित्याक?"

दीपक आला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर अर्धा गाव उमटला, खिशावर माडांची रांग, खांद्यावर काळा सडा. त्याने विहीर लगेच दाखवली. वर जाताना मात्र त्याचं बोट सावकाश गेलं. बराच वेळ तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि रघूने चित्र हलू दिलं नाही.

"छपराचं काय मग?" कोणीतरी विचारलं.

"छप्पर आपण घालू," कौसल्याकाकी म्हणाली. "वर्गणी काढू. पाण्याची वर्गणी कोण काढतलो?"

श्रेया म्हणाली, "माझ्या अजून बऱ्याच स्लाईड आहेत. विहिरींची पातळी वगैरे."

"ऱ्हवांदे, बाय. कळला."

दीपकने हात वर करायला सांगितलं. खाणीला संमती कोणाची? दारापाशी एक हात अर्धा वर गेला आणि केसांवरून फिरून खाली आला. दीपकचा हात खिशात होता. तो मोबाईल काढत होता.

खाणवाल्याला त्याने तिथूनच फोन लावला, सगळ्यांसमोर. "नाही शेठ, सह्या होणार नाहीत. नाही, छपराचा प्रश्न नाही. माणसं काय म्हणतात? माणसं सोडा." त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं. "माझी पण विहीर खालीच आहे."