पंचशीलाच्या डोळ्यातली काच

मुदखेडच्या पंचशीलाला बघायला आलेली दोन स्थळं चष्मा बघूनच परत गेली. तेरा नंबरचा जाड चष्मा. शेवटी वडिलांनी लातूरच्या एका दवाखान्यात तिच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या मागं, पातळ लेन्स बसवून घेतल्या. पट्टी निघाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चष्म्याशिवाय दिसला, आणि ती रडली.

पुढं लग्न झालं. लग्नाच्या ब्लाउजवर आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईचं भरतकाम, करणारी म्हणून तिचं नाव झालं. लेन्स बसवणाऱ्या डॉ. उमादेवींनी मात्र बजावलं होतं, "दरवर्षी दाखवायला यायचं." ती गेली की मशीनवर डोळ्याचा फोटो निघायचा, बाई म्हणायच्या, "ठीक आहे, पुढच्या वर्षी या."

नवरा आनंदराज एकदा म्हणाला, "सगळं ठीक हाय तर बोलवायलेत कशाला?"

ते तिच्या मनात रुतलं. तिनं जाणं बंद केलं.

चार वर्षांनी सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं, दुपारपर्यंत सगळं निवळायचं. हलक्या दर्जाची लेन्स घालून आपल्याला फसवलं, अशी तिची खात्रीच झाली. ती लातूरला न जाता नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेली आणि जुन्या ऑपरेशनबद्दल चकार शब्द बोलली नाही. बघू, याला तरी काही कळतं का!

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला, मशीनवर फोटो काढला. "लेन्स कुणी बसवली?"

"ते ऱ्हाऊ द्या, काय झालंय ते सांगा," ती म्हणाली.

"डोळ्याच्या पुढच्या काचेला आतून पेशींचा थर असतो. तो काचेतलं पाणी बाहेर काढतो, म्हणून ती स्वच्छ राहते. आतल्या लेन्समुळं तुमच्या पेशी फार कमी झाल्यात, म्हणून धुकं दिसतंय. नव्या येत नाहीत. लेन्स काढावी लागेल."

म्हणजे आता हाही ऑपरेशन करायला बसलाय! ती तशीच उठली आणि एसटीनं लातूर गाठलं. नांदेडच्या डॉक्टरांनी दिलेला तपासणीचा कागद पर्समध्ये दडवून उमादेवींसमोर बसली. त्यांनीही फोटो काढला आणि तेच सांगितलं. तेव्हा तिनं कागद टेबलावर ठेवला. दोन्हींत फरक नव्हता.

"मग बसवताना का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. काहींच्या पेशी हळूहळू कमी होतात, म्हणून तर दरवर्षी बोलावत होते. पण तुम्हाला ते समजलं की नाही, हे मी विचारलं नाही. ती माझी चूक."

पंचशीलाला याचंही नवल वाटलं. चूक कबूल करण्यातही काही डाव असेल का? आठवडाभर तिनं विचार केला. सकाळचं धुकं तेवढ्यात संध्याकाळपर्यंत रेंगाळायला लागलं. मग मात्र ती आनंदराजला घेऊन गेली. एकेक करून दोन्ही लेन्स काढल्या.

धुकं निवळलं. गेलेल्या पेशी परत येणार नव्हत्या. पुढं कदाचित डोळ्याची पुढची काचच बदलावी लागेल, हे उमादेवींनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जाड चष्मा पुन्हा नाकावर आला. आनंदराज म्हणाला, "माझ्यामुळंच झालं गं." तिनं पुढच्या तपासणीची तारीख त्याला कॅलेंडरवर लिहायला लावली.

आता ती दर सहा महिन्यांनी लातूरला जाते. फोटो निघाला की खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसते आणि म्हणते, "बाई, आधी मला दाखवा. ठीक हाय का ते मग सांगा."