पाठ फाटलेला कोट

अमडापूरच्या आमच्या फोटो स्टुडिओत एक काळा कोट आहे. वडिलांनी तो हौसेनं शिवून घेतला आणि मग स्वतःच पाठीतून उभा फाडला. त्यामुळे तो काडीपैलवानालाही बसतो आणि ढेरपोट्यालाही. मागून कपड्यांचे चिमटे लावले की पुढून साहेब तयार. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव याच एका कोटाच्या जिवावर बोहल्यावर चढलेत.

मी तसा स्वतःला वेगळा समजतो. धाडच्या बाजारात हिंडून माणसांचे त्यांच्या नकळत फोटो काढतो, शहरातल्या प्रदर्शनांत लावतो, आणि तिथं सहजपणा या विषयावर भाषणही ठोकतो. पण माझं लग्न जमवायची वेळ आली, तेव्हा स्थळांकडे पाठवायचा फोटो मी मुकाट्यानं त्याच कोटात काढून घेतला.

डोणगावला मुलगी बघायला गेलो. मुलगी शाळेत शिकवायची. दोन वाक्यं बोलली आणि मला आवडून गेली. आता हिनं हो म्हणावं एवढंच वाटत होतं. मग माझी नजर भिंतीवर गेली. तथागतांच्या तसबिरीखाली तिच्या वडिलांचा तरुणपणीचा फोटो होता, आणि त्यांच्या अंगात आमचा कोट.

तिच्या वडिलांनी टेबलावरचा माझा फोटो उचलला, एकदा भिंतीकडं पाहिलं. "मांगून चिमटे हायेत ना अजून?"

"हाव," मी म्हणालो.

"मले टोचला व्हता एक. म्हनून तोंड असं आलं त्या फोटोत."

सगळी बैठक हसली. मी पोह्यांच्या बशीत मान घातली.

"तुमचा बिनकोटाचा फोटो नाई का एखांदा?" मुलीनं विचारलं.

नव्हता. दुनियेचे फोटो काढत फिरणाऱ्याला स्वतःचा एक धड फोटो नव्हता. तिनं मोबाइल उचलला आणि खटकन काढला. तोंडात पोहे, कपाळावर घाम, डोळे भेदरलेले.

"डिलीट करा ना," मी काकुळतीला आलो.

ती बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिली. आमच्याकडं नकार कुणी तोंडानं देत नाही. मुलाचा फोटो तेवढा परत करतात.

"बाबा, यायचा फोटो वापस देऊन द्या," ती म्हणाली.

मी बशी खाली ठेवली. खूप वाईट वाटलं.

"मी हा ठेवून घेतला ना," ती म्हणाली, आणि मोबाइल पदराखाली लपवून आत निघून गेली.