खिडकीच्या पाकिटातलं मटण

मी गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळे आमच्या वाढीव खोलीचं अंदाजपत्रक चुकणं शक्यच नव्हतं.

खोली मामांसाठी हवी होती. मामा म्हणजे माझे सासरे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर त्यांना वाईजवळच्या गावाहून आम्ही इकडे माधवनगरला आणलं. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला आणि त्यांची कॉट वरच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आली. आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पाच ते आठ माझी शिकवणी चालते. अठरा मुलं, अपूर्णांक आणि मध्ये कॉटवर मामा.

"फौजेत बावीस वर्षं काढली," ते एकदा आमच्या यांना म्हणाले, "पर असला मारा कवा सोसला न्हाई."

त्याच रात्री ठरलं. घराच्या कडेला, रस्त्याच्या बाजूनं, पत्र्याचं जुनं शेड होतं. (त्यात एक बंद पडलेली स्कूटर, तीन फुटक्या कुंड्या आणि यांचं व्यायामाचं सायकलयंत्र राहत होतं. तिघांचाही वापर सारखाच.) ते पाडून तिथं दहा बाय बाराची पक्की खोली बांधायची, वर स्लॅब टाकायचा. मामांना विचारलं, "तुम्हाला काय काय हवं?"

"मला काय नको. फकस्त रस्त्याकडं एक मोठी खिडकी ठेव पोरी. पडल्या पडल्या येणारं-जाणारं माणूस दिसलं पायजे. गावाकडं दिवसभर कोणतरी यायचं. हितं कुत्रं सुदीक वळून बघत न्हाई."

त्यांनी आजवर माझ्याकडं काहीच मागितलं नव्हतं. मी ठरवलं, बाकी काही होवो न होवो, खिडकी होणार. सहा बाय चारची सरकती, जाळीची, बाहेरून ग्रिल असलेली.

मग मी चौकटींची वही घेतली. विटा, सिमेंट, सळई, वाळू, मजुरी. शेवटच्या आकड्याखाली मी लाल शाईनं दोन रेघा मारल्या आणि प्रत्येक बाबीचं एक पाकीट केलं. पाकिटावर नाव, आत रोख. सगळं जग मोबाईलवरून पैसे देत असताना पाकिटं कशाला, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, पाकीट रिकामं झालेलं डोळ्यांना दिसतं. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

आमचे गवंडी हणमंत मिस्त्री. त्यांनी वही उलटीपालटी करून पाहिली, बोटानं एकेक ओळ खाली उतरले आणि विचारलं, "मॅडम, स्लॅबचं जेवान कुठं हाय ह्यात?"

"आहे की. ही बघा ओळ. चहा आणि पोहे."

मिस्त्रींनी वही हळूच माझ्या हातात ठेवली. आजारी माणसाच्या घरून निघताना हातात पैसे ठेवतात तशी. "आवं मॅडम, आमच्या हातनं आजवर एक बी स्लॅब पोह्यावर पडला न्हाई. टोळीला मटण लागतं."

हे माझ्याकडं बघायला तयार नव्हते. मी यांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल. पण तू लाल शाईनं रेघा मारल्या होत्यास ना, म्हणून मी काही बोललो नाही."

ठीक आहे. टोळीची चौदा माणसं, तीन किलो मटण. 'किरकोळ' असं लिहिलेल्या पाकिटातून ते निघत होतं. मी नवी ओळ घातली, पुन्हा दोन रेघा मारल्या.

आता घरात मिक्सर, खडी, वाळू, चौदा माणसं, अशात पाहुणे नकोत, म्हणून गुरुवारी मी नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'रविवारी सकाळी आपल्या घरी स्लॅब आहे. घरात पसारा असल्याने त्या दिवशी कृपया कोणीही येऊ नये, ही नम्र विनंती.' दोनदा वाचून, पूर्णविराम तपासून पाठवला. शाळेतल्या सूचनासुद्धा मीच लिहिते.

रविवारी साडेआठला दारात जीप थांबली. तिच्यातून तानाजीअण्णा उतरले. तानाजीअण्णा म्हणजे यांचे चुलतभाऊ, भावकीतले कर्ते. त्यांच्यामागून त्यांच्या आई, म्हणजे आमच्या काकी, उतरल्या, मग दोन सुना, मग मागच्या दारातून आणखी सात जण. एका जीपमध्ये इतकी माणसं कशी बसतात, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

"अण्णा, तुम्ही?" मी म्हणाले.

"घरात स्लॅब पडतोय म्हटल्यावर यायला नको व्हय, वयनी?"

'अहो, येऊ नका असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं,' हे माझ्या अगदी ओठावर आलं. पण दारात आलेल्या माणसाला असं कोण म्हणतं? मी म्हणाले, "या ना या, फार बरं झालं." माझी खात्रीच पटली की लोकांनी मेसेजची पहिली ओळ वाचली आणि पुढं वाचायच्या आधीच चपला घातल्या. चौथीच्या मुलांनाही मी सांगते, उदाहरण शेवटपर्यंत वाचा.

मामा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. प्रत्येकाला "आला का गड्या, आला का?" म्हणत होते. खंडाळ्याहून त्यांच्या पलटणीतले दोघे जोडीदार आले, तेव्हा तर हातातली काठी टाकून उभे राहिले. वाईहून टेम्पो आला. शेजारच्या गल्लीतल्यांनी इतकी गर्दी पाहिली आणि तेही आले.

मी यांना 'किरकोळ'चं पाकीट देऊन मटणाला पाठवलं. तासाभरानं 'रंग' असं लिहिलेलं पाकीट दिलं, मग 'फरशी'चं. तिसऱ्या खेपेला हे परत आले ते कपाळ पुसत. "खाटीक विचारतोय, लगीन कुणाचं हाय? मी म्हटलं, दहा बाय बाराच्या खोलीचं."

"अजून किती लागेल?"

"अण्णा म्हणतात, सहा किलो. पंच्याहत्तर पानं होतात."

हातात एकच पाकीट उरलं होतं. त्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात 'खिडकी' लिहिलं होतं. मागच्या अंगणात काकी भाकऱ्यांचं पीठ मळत होत्या, दारात माणसं हात धुवायला पाणी मागत होती. मी ते पाकीट यांच्या हातात ठेवलं आणि तोंड फिरवून उभी राहिले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, कांदा.

इकडं तानाजीअण्णांनी तीन दगडांची चूल मांडून मोठं पातेलं चढवलं होतं. लाकडं संपली, तेव्हा त्यांनी भिंतीशी रचलेल्या फळ्या उचलल्या. त्या मिस्त्रींच्या, स्लॅबखाली लावायच्या सेंट्रिंगच्या होत्या, हे अण्णांना कळलं तेव्हा रस्सा उकळत होता.

"आवं अण्णा, त्या फळ्या भाड्याच्या हुत्या," मिस्त्री कळवळून म्हणाले.

"आस्सं व्हय? मग रश्श्याला चव येणार," अण्णा म्हणाले आणि मिस्त्रींच्या हातात चवीसाठी वाटी दिली. वाटी रिकामी झाल्यावर मिस्त्री पुन्हा फळ्यांबद्दल बोलले नाहीत. (भाड्यात मात्र लावल्या.)

स्लॅब दोन तासांत पडला. जेवणं साडेचारपर्यंत चालली. जाताना प्रत्येक घरानं मामांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. शेवटची जीप गेली तेव्हा घरात अठ्ठावीस टॉवेल, अठ्ठावीस टोप्या आणि चार रिकामी पाकिटं होती. भिंतीत खिडकीच्या जागी सहा बाय चारचं भोक होतं. हणमंत मिस्त्रींनी त्याला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा पडदा लावून दिला, तोही फुकट.

दुसऱ्या दिवशी मी हिंमत करून मामांसमोर बसले. "मामा, एक सांगायचंय. खिडकी आत्ता होत नाही. पैसे जेवणात गेले. माझीच चूक. मी तो मेसेज टाकायलाच नको होता, तो वाचून सगळे आले."

मामा हसायला लागले. "त्यो मेसेज कोण वाचतंय? समद्यांनी त्यो ग्रुप कवाच मुका करून ठेवलाय. मी फोन केले सगळ्यांना. गुरुवारपासनं बसलो हुतो लावत."

"तुम्ही? पण पैसे खिडकीचे होते, मामा."

"मला कुठं ठावं तुझ्या पाकिटांचं? आणि ठावं असतं तरी केले असते. खिडकी कशाला मागितली हुती मी? माणसं दिसावीत म्हणूनच ना? काल समदी एकदम दिसली. पलटणीतला ल्हानू तर बारा वर्सांनी दिसला. आता खिडकीची काय घाई न्हाई."

त्यांच्या आवाजात असा आनंद मी ते इकडं आल्यापासून तीन वर्षांत ऐकला नव्हता. पण गणिताच्या शिक्षिकेला पडताळा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी मोबाईल काढला आणि माझा मेसेज कुणी कुणी वाचलाय ते पाहिलं. ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं. मेसेज वाचणारा एक. यांनीसुद्धा वाचला नव्हता. एकटं नाव होतं, ते मामांचं.

"मामा, म्हणजे तुम्ही तो वाचला होता?"

"वाचला की. दोन येळा वाचला." मामांनी चष्मा पुसला. "लय चांगला लिवला हुतास पोरी. चुकून कुणी वाचला असता, तर एक माणूस आलं नसतं. म्हणून तर फोन करायला लागले."