पुतळीचे हात

वरोरच्या सदानंदला मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत रडवलं ते हातांनी. चेहरा त्याला झटक्यात जमायचा, पण मनगटाखाली उतरला की कोळसा अडखळायचा. "ही बोटं आहेत की केळी?" असं सर भर वर्गात विचारायचे आणि पोरं खिदळायची.

म्हणून अठ्ठावन्नच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने आईलाच समोर बसवलं. पुतळी जन्मभर बोंबील सुकवणारी बाई. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची, की लगेच पुढची जोडी. ठेवणीतलं लुगडं नेसून ती ओट्यावर बसली खरी, पण समोर काहीच नसताना तिची बोटं आपली जोड्या लावतच राहिली.

"आई, हात हलवू नको ना! वर्गात मॉडेल कसं दगडासारखं बसतं!" तो खेकसला.

"बरं बाबा," म्हणत बिचारीने हात मांडीवर टाकले आणि तशीच बसून राहिली.

ते चित्र सरांनी वर्गाच्या भिंतीवर लावलं. "हात जमले बरं का," म्हणाले. सदानंद त्या दिवशी जेवायचंही विसरला.

चार वर्षांनी पुतळी गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता, म्हणून बाराव्याला सदानंदने तेच चित्र पाटावर ठेवून हार घातला. पुतळीच्या शेजारी बसून उभा जन्म बोंबील लावलेली वेणूमावशी त्या चित्रातल्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सदा, हे ती गेल्यावर काढलंस का रे?"