कासाबाईचा पाट

पौष लागला तशी कासाबाईला एका जागी बसवेना. मेंढरांमागं गेली की घर आठवायचं, आणि घरी आली की घरातल्यांची तोंडं नकोशी व्हायची.

सोनपेठच्या अलीकडच्या त्या धनगरवस्तीत सगळं ठरून गेलं होतं. पौष सरला की कासाबाईचा पाट धाकट्या दिराशी, मुंजाजीशी लावायचा. तिला विचारलं कुणी नव्हतं. रांडमुंड बाईला विचारायचं म्हणजे मेंढराला कातरणीचं विचारण्यासारखं, असं वस्तीला वाटत असावं. सासू तानुबाईचं म्हणणं एवढंच, की घरातली बाई घरात राहील, नातीला छप्पर मिळेल आणि देवानं मनावर घेतलं तर एक नातू होईल.

खोटं कशाला बोला, यात कासाबाईचं भलंच होतं. तिच्या नावावर ना जमीन, ना एखादं मेंढरू. माहेरी पालमला भावाच्याच घरात खायचे वांधे. लेकीला घेऊन जाणार कुठं?

पण तिचा नवरा रायभान ट्रकवर क्लिनर होता. तो टीबीनं गेला असं वस्ती म्हणायची. खरं काय ते परभणीच्या दवाखान्यात तिला एकटीलाच कळलं होतं. एचआयव्ही. तिच्याही रक्तात. डॉक्टरीणबाईंनी हातात निरोधची पाकिटं कोंबली आणि बजावलं, "पुन्हा संसार मांडलास तर याच्याशिवाय नाही. आणि अंगावरून जातंय, त्याच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला ये." दर महिन्याला! बुडालेला रोज कोण देणार? त्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या ताणाताणीत एसटी आली तर आली. दुखणं तिनं तसंच अंगावर काढलं.

सांगावं तर वस्ती हाकलून देणार. न सांगावं तर मुंजाजी तिच्यामुळं मरणार, आणि तिच्या लेकीला खांद्यावर मिरवणारा त्या घरात तोच एक होता. पाकिटं दाखवायची तरी कशी? तानुबाई तर नातवाच्या नावानं नवस बोलून बसलेली. या विचारानं कासाबाईचं डोकं फुटायची वेळ आली.

त्या दुपारी पडीक रानात मुंजाजी एडक्याच्या, म्हणजे कळपातल्या नर मेंढ्याच्या, पोटाखाली गोणपाट बांधत होता. कासाबाईनं एडक्याची शिंगं धरली होती.

"भाऊजी, ह्ये कशापायी बांधायलाव?"

मुंजाजी हसला. "तुमाला ठाव न्हाई व्हय, वैनी? आता मेंढ्या गाभण राहिल्या तर पिल्लं ऐन पावसात पडतेत. गारठून मरतेत."

"मेंढ्यांना एवढं जपताव. मग सोताला बी जपा. माझ्यापसून."

मुंजाजीचा हात थांबला. मग तिनं दम न घेता सगळं सांगून टाकलं. रायभानचं दुखणं, आपलं रक्त, डॉक्टरीणबाई. कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून त्याच्यापुढं धरलं. "पाट लागला तरी ह्याच्याबिगर जवळ येऊ नगा. न्हाईतर पाटच नगं म्हना. पन मला अन् पोरीला घराबाहेर काढू नगा, भाऊजी."

तो थुंकेल, ओरडेल, आईकडं पळत जाईल, सगळ्याची तिनं तयारी ठेवली होती. मुंजाजीनं पाकिटाकडं बघत विचारलं,

"दादाला कशानं लागलं म्हनले?"

"गाडीवर असताना. रस्त्यावरच्या बायांकडं जायचे. मरायच्या आधी त्यांनीच सांगितलं."

गोणपाटाची दोरी मुंजाजीच्या हातून सुटली. कासाबाईनंही शिंगं सोडली आणि एडका निघून गेला. त्याला अडवायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"दोन वर्साखाली सुगी सरल्यावर मी बी गाडीवर गेल्तो, वैनी. दादानंच नेलतं." तो खाली मान घालून बोलला. "सगळीकडं संगंच होतो आमी."

मेलेल्या नवऱ्याला कासाबाईनं आजवर शिवी दिली नव्हती. आता ती तोंड भरून देत सुटली, रडू ओसरेपर्यंत. ज्याला वाचवायला तिनं जिवाचं पाणी केलं, त्याला रायभाननं आधीच त्याच वाटेला नेऊन ठेवलं होतं.

ती थांबली तेव्हा मुंजाजीनं विचारलं, "तितं दवाखान्यात तपासायला रगत कुठं देतेत? मला एकट्याला भ्या वाटायलंय. तुमी चलताव का संगं?"