मॅडमच्या मशीनचं स्थळ

धर्मपाल वानखडे अकोल्यात एकतीस वर्षं लाईनमन होता आणि त्यातली एकोणतीस वर्षं तो भीत होता. खांबावर चढताना भ्यायचा, उतरताना भ्यायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरातला बल्ब बदलताना त्याच्या तळहाताला घाम सुटायचा. सोबतचे लोक त्याला भेकड म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत, कारण त्याला राग यायचा नाही. 'हाये बाबू मी भेकड,' असं म्हणून तो हातमोजे चढवायचा.

पहिली दोन वर्षं तो असा नव्हता. त्याला काम शिकवलं नत्थुजींनी. एका दुपारी नत्थुजी खांबावर होते आणि धर्मपाल खाली दोर धरून उभा होता. लाईन बंद केलेली होती. कुणाला तरी पिठाची चक्की चालू करायची घाई झाली आणि त्यानं डीपीवर जाऊन खटका वर ओढून लाईन चालू केली. दोर धर्मपालच्या हातातच होता. नत्थुजींना खाली घ्यायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात काय काय दिसलं ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून त्याची एक रीत ठरली. काम मोठं असो की चिमुकलं, आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. तो चिनी मातीचा पांढरा फ्यूज, ज्याला सगळे वायरमन किटकॅट म्हणतात. किटकॅट आपल्या खिशात असला तर जगातला कोणताही घाईवाला माणूस लाईन चालू करू शकत नाही. बायको दुर्गाबाई पॅन्ट धुवायला घ्यायची तर दगडावर खट्कन किटकॅट वाजायचा आणि त्या दिवशी कुणाच्या तरी घरी अंधार असायचा.

घरात काही दुरुस्ती असली की तो किटकॅट काढून पोरीच्या, दीक्षाच्या, हातात द्यायचा. पोरगी तेव्हा पाच-सहा वर्षांची. "हे मुठीत धर. मी मागल्याशिवाय कोनाले देऊ नको. मायले बी नाही." दीक्षा श्वास रोखून उभी राहायची. एकदा तो काम संपल्यावर मागायचाच विसरला आणि पोरगी किटकॅट दप्तरात टाकून शाळेत गेली. चाळीतली सहा घरं संध्याकाळपर्यंत पंख्याविना बसली. लोकांनी धर्मपालला शिव्या घातल्या, पण तो पोरीवर ओरडला नाही.

आता त्या मशीनची गोष्ट.

जठारपेठेत साधना मॅडम राहत. कॉलेजात शिकवत, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या. त्यांचे यजमान तरुणपणी अमेरिकेत होते आणि परत येताना भांडी धुवायची मशीन घेऊन आले. कमरेएवढी उंच, हळदीच्या रंगाची, खाली चाकं. स्वयंपाकघरात ढकलत आणायची, नळाला नळी जोडायची, आत ताटं-वाट्या रचायच्या आणि झाकण लावायचं. पंचेचाळीस वर्षांची झाली तरी कुरकुर न करता चालायची. फक्त ती अमेरिकेच्या विजेवर वाढलेली. आपली वीज तिला दुप्पट पडते. म्हणून मध्ये एक लोखंडी डबा लागायचा, वीज निम्मी करणारा ट्रान्सफॉर्मर, ओट्याखालच्या कपाटात मागे ठेवलेला. आधी बरीच वर्षं मशीन नुसती पडून होती; तीस वर्षांपूर्वी तो डबा बसवून दिला धर्मपालनंच. मशीनची अमेरिकन पिन चपटी होती, कुठंच बसायची नाही. त्यानं ती कापली आणि आपली तीन काड्यांची पिन लावली, डब्यालाही तसाच सॉकेट करून तो वर ओट्यावर काढला. मॅडम म्हणाल्या होत्या, धर्मपाल, तुम्ही हुशार आहात. त्याला आठवडाभर ते गोड लागलं होतं.

यंदा मॅडम मुलाकडे बंगळुरूला कायमच्या निघाल्या. घर आवरता आवरता त्यांनी धर्मपालला बोलावलं. "सगळं भंगारात जाऊ दे, हिला नको. हिच्यासाठी चांगलं घर बघा."

मग धर्मपाल मशीनला स्थळ पाहू लागला. लेकीच्या लग्नाला इतका फिरला नसेल तितका फिरला. एकानं विचारलं, यात गहू किती मावतील? एका भाभींना ती आवडली, पण सासूबाई म्हणाल्या, खरकटं झाकण लावून कोंडून ठेवायचं म्हणजे घरात अवदसाच. शेंदूरजनाघाटचा एक व्यापारी संत्री धुवायला घेतो म्हणाला, मग त्याचा फोन लागेना. मॅडम रोज विचारायच्या, पाहुणे आले होते का हो?

स्थळ खरं तर घरातच होतं. दीक्षा अमरावतीला गाडगेनगरात पोरांची मेस चालवायची. दोन वेळेला साठ ताटं. भांडेवाली बाई सोडून गेल्यापासून तीच घासायची, आणि पावडरीनं तिची बोटं इतकी फाटली होती की कणीक मळताना मीठ झोंबायचं. तिनं फोन केला, "बाबा, ते मशीन मले द्या ना."

धर्मपालच्या डोळ्यांपुढे आलं ते एवढंच: ओली फरशी, ओले हात, आणि भिंतीतली वीज. तो भ्याला. भेकड माणूस भांडत नाही, खोटं बोलतो. "गेलं ना थे," तो म्हणाला. "शेंदूरजनाघाटले गेलं."

"बरं," दीक्षा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पण ती त्याचीच पोरगी. बरं म्हणाली म्हणजे मानलं असं नाही.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी दहाला, मॅडमचा फोन आला. आवाज खुशीत होता. "अहो धर्मपाल, तुम्ही बोलला कसे नाहीत? दीक्षानं मला निरोपाचा फोन केला, तेव्हा विषय निघाला. मी म्हटलं, मशीन तर इथंच आहे, तू ने! काल संध्याकाळी ती मेसवरच्या पिंटूचा टेम्पो घेऊन आली आणि घेऊनही गेली. सोन्यासारखं घर मिळालं. आता एवढंच विचारायचं होतं, भंगारवाला आलाय, कपाटात एक जड लोखंडी डबा निघालाय. फ्रीजचा जुना स्टॅबिलायझर असेल ना? देऊन टाकू?"

धर्मपाल उभा होता तो खाली बसला.

"मॅडम, थो डबा देऊ नका," एवढंच त्याच्या तोंडून आलं. फोन ठेवून त्यानं दीक्षाला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. जावई स्वप्निल एमआयडीसीत कामाला, तिथं फोन बाहेर ठेवायला लागतो. नुसती रिंग जात राहिली.

"काय झालं?" दुर्गाबाई विचारत होती. "कावून असे करून राहिले तुमी?"

तो सांगू शकला नाही. सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं की पिन त्यानं बदलली होती. अमेरिकेची पिन असती तर अमरावतीच्या बोर्डात ती घुसलीच नसती. आता ती घुसेल, कुठंही, मऊसूत. दुप्पट वीज जाईल. मोटर जळेल ते जळेल, पण आतला हिटर फाटला आणि पत्र्यात करंट उतरला, तर ओल्या हातानं झाकण धरणारी...

तो चपला घालून निघाला आणि मिळेल त्या ऑटोत बसून स्टँडवर पोचला. अमरावतीची गाडी हललीच होती. पाठीमागून हात मारून त्यानं ती थांबवली.

अकोला ते अमरावती दोन तास. धर्मपालनं आयुष्यात शेकडो वेळा केले असतील, पण असे नाही. बोरगाव मंजूपर्यंत त्यानं अकरा वेळा फोन लावला. बाई गोड आवाजात सांगायची, आपण संपर्क करू इच्छिता तो मोबाईल बंद आहे. त्याला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. शेजारी बसलेली गोदाबाई नावाची म्हातारी बडनेऱ्याला नातवाच्या बारशाला निघाली होती. त्याच्या हाताकडे पाहून ती म्हणाली, "भाऊ, थंडी वाजून राहिली काय?" उन्हाळ्याचे दिवस. तो ओठात 'बुद्धं सरणं गच्छामि' पुटपुटत राहिला, आणि अर्ध्यातच हात आपसूक फोनकडे जायचा.

त्याला नत्थुजी दिसत होते. पण आज त्यांच्या जागी दुसराच चेहरा होता, आणि तो चेहरा पाहायचा नाही म्हणून तो डोळे उघडे ठेवून बसला होता. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला. दहा मिनिटं. धर्मपाल खाली उतरला, वर चढला, पुन्हा उतरला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ना काका, गाडी तुमाले सोडून नाही जात." धर्मपालला वाटलं याच्या पाया पडावं.

आणि बडनेऱ्याच्या अलीकडे कुठंतरी त्याला ती गोष्ट उमगली जी उमगू नये म्हणून तो अकोल्यापासून झटत होता. मशीन त्यानं स्वतः नेऊन दिली असती तर डबा सोबत गेला असता. आधी डबा बसवला असता, जमिनीत अर्थिंग पुरलं असतं, किटकॅट खिशात ठेवून दहादा तपासलं असतं. तो खोटं बोलला म्हणून पोरगी एकटीनं गेली. म्हणजे चक्कीवाला कुणी दुसरा नव्हता. या खेपेला लाईन त्यानंच चालू केली होती.

गाडगेनगरात ऑटोतून उतरला तेव्हा एक वाजत आला होता आणि मेससमोर गर्दी होती.

 खांबाखालची गर्दी अशीच असते, माना उंचावलेली. भिंत धरून तो पुढे आला. मग दिसलं की प्रत्येकाच्या हातात ताट आहे. पोरं रस्त्याच्या कडेला निंबाच्या सावलीत उभी राहून वरण-भात खात होती.

"काका, आत जाऊ नका, आत भट्टी हाये," एक पोरगा म्हणाला. "सकायपासून लाईट नाही."

आत अंधारच होता. पंखे थांबलेले. मागच्या मोरीजवळ हळदीच्या रंगाची ती मशीन उभी होती, तिची वायर गुंडाळून वर ठेवलेली. आणि खाली उकिडवी बसून, कोपरापर्यंत फेसात हात घालून दीक्षा पातेलं घासत होती.

"बाबा?" ती म्हणाली.

धर्मपाल तिथंच ओल्या फरशीवर बसला. त्याला बोलायचं होतं, पण आधी तो रडला. आयुष्यात कधी पोरीसमोर रडला नव्हता, तो हुंदके देऊन रडला. दीक्षा घाबरून उठली. "मायले काही झालं का? बोला ना!"

"फोन कावून बंद तुहा?"

"लाईट नाही ना बाबा. चार्जिंगले लावला होता, बंदच पडला."

"लाईट कावून नाही?"

दीक्षानं ओले हात कुर्त्याला पुसले. ओढणीच्या टोकाला गाठ मारलेली होती. तिनं ती दातांनी सोडवली आणि फाटक्या बोटांचा तळहात त्याच्यापुढे धरला. त्यावर पांढरा किटकॅट होता.

"मशीनच्या पाठीवर एकशे पंधरा लिहून हाये," ती म्हणाली. "तुमीच म्हनायचे ना, पहिले पाठ वाचा लागते. मी वाचून येईस्तोर या पिंटूनं पिन बोर्डात खोचली बी होती. बटन दाबाचंच बाकी होतं. मी वरडली अन् पहिले हे काढलं." पिंटू दारात मान खाली घालून उभा होता. "पिन उपसली, पन इतके पोट्टे येतात-जातात, कोनी तरी लावूनच पाहाते. म्हनलं, बाबा येईस्तोर हे कोनाले द्यायचं नाही. साठ पोट्टे बोंबलून राहिले सकायपासून, पन नाही देल्लं."

"मले फोन कराचा ना कोनाच्या बी मोबाईलवरून."

दीक्षानं किटकॅटवर मूठ मिटली. "राग होता तुमचा. तुमी मले खोटं सांगतलं."

"मी भेलो होतो, बाई."

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

पिंटूला राहवलं नाही. "काकाजी लयच भेतात, ताई."

"भेऊ दे," दीक्षा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "थे भेले म्हनून तू उभा हायेस इथं."

धर्मपालला भेकड म्हणणारे पुष्कळ भेटले होते. असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग त्याचा आवाज कामाच्या माणसाचा झाला. मशीन इथंच राहील, तो म्हणाला. उद्या तो लोखंडी डबा घेऊन येईल, अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करेल, आणि तोपर्यंत मशीनला कुणी बोट लावणार नाही. दीक्षा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली.

मग तो बोर्डाकडे गेला. किटकॅट हातात घेतला, पण हात इतका थरथरत होता की खाच सापडेना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी त्यानं तो दीक्षाला परत दिला आणि बाजूला झाला. नत्थुजी गेल्यापासून त्याच्या देखत दुसऱ्या कुणी फ्यूज बसवलेला नव्हता. तिनं आधी हात कोरडे केले, पायाखाली लाकडी पाट घेतला, आणि एका दमात दाबला.

पंखे फिरले. बाहेर पोरांनी आरोळी ठोकली. खिडकीत चार्जिंगला लावलेला दीक्षाचा फोन थोड्या वेळानं जागा झाला आणि वाजू लागला. टिंग. बाबांचा मिस्ड कॉल. टिंग. बाबांचा. टिंग, टिंग, टिंग. ती हातात फोन घेऊन उभी राहिली. बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा, सगळा रस्ता एकेक करून येत राहिला, थांबेचना. मग ती बापाशेजारी फरशीवर येऊन बसली आणि आवाज संपेपर्यंत तिनं त्याचा हात धरून ठेवला.